हात देसू, खांदा नही

माझी धाकटी बहीण सुजाता आज चोपड्याकडच्या एका शाळेत शिकवते, ते आडव्या आबांमुळे. हे आधीच सांगून टाकते. माझा स्वभाव भित्रा, सांगता सांगता मी भलतीकडेच जाते, आणि ज्यांचं नाव घ्यायचं तेच राहून जातं. तसं होऊ नये. आबा आमच्या नात्यातले नाहीत. शिंदखेडा तालुक्यात आमचं पिंपरी, तिथल्या बौद्ध वस्तीत त्यांच्या घराला आमचं घर लागून. भिंत एकच. त्यांच्याकडे ठेचा कुटला की आमच्याकडे ठसका लागायचा, एवढंच काय ते नातं.

आबांची एक सवय आधी डोळ्यांपुढे येते. ते कोणाला आपल्या खांद्यावर हात ठेवू द्यायचे नाहीत. खांदे बैलासारखे, रुंद, आणि डाव्या खांद्यावर घट्टा पडलेला, जुवाखाली बैलाला पडतो तसा. बाजारात कोणी ओळखीचा भेटला, "काय आबा!" म्हणत खांद्यावर हात टाकला, की आबा तो हात हळूच उतरवायचे आणि आपल्या हातात घ्यायचे. मग तो हात धरूनच पुढचं सगळं बोलणं. समोरचा अवघडायचा, पण हात सुटायचा नाही. मी एकदा विचारलं, "आबा, खांद्यानं काय घोडं मारलं?" तर म्हणाले, "खांदावर हात ठेवणारा वरथून बोलस. हात धरणारा समोरथून बोलस."

नाव आडवे आबा पडलं ते गावानं पाडलं. गाव एका बाजूला गेलं की हे दुसऱ्या बाजूला. पण मी सांगते ती गोष्ट होण्याआधी, तरुणपणी, आबा फार सरळ होते म्हणे. सगळ्यांत सरळ. म्हणून तर खाटेचा पुढचा डावा पाय नेहमी त्यांच्या खांद्यावर असायचा.

ती खाट समजायची तर आमची नदी समजायला हवी. पिंपरी नावाची गावं खान्देशात पैशाला पासरी, पण आमच्या पिंपरीला जायला नदी ओलांडावी लागायची. उन्हाळ्यात तिच्यात पोरं गोट्या खेळत. पावसाळा लागला की मात्र मांड्यांपर्यंत पाणी, वर डोंगरात पडला तर छातीपर्यंत, आणि तळाला असा काळा गाळ की बैलगाडी एकदा रुतली की बैल सोडून घरी न्यायचे. रस्ता होता. आम्हीच केला होता, रोजगार हमीच्या कामावर. मी स्वतः खडी फोडली आहे त्यावर. रस्ता गावाकडून नदीपर्यंत आला, पलीकडून धुळ्याकडचा रस्ताही नदीपर्यंत आला, आणि दोघं दोन काठांवर एकमेकांकडे बघत बसले, भांडलेल्या भावांसारखे. रस्त्याला राज्याचे पैसे आणि आमचे हात पुरले होते. पुलाला दिल्लीचा निधी लागायचा. तो जिल्ह्याला यायचा, आणि पावसाळ्यात ज्या गावाची वाट तुटते त्या गावाला आधी मिळायचा. आमची तर दर वर्षी तुटायची. तरी निधी दर वर्षी दुसऱ्याच गावाला.

पाहणीला साहेब यायचे, नाही असं नाही. आणि आले की गावाची शान काय वर्णावी! जीप पलीकडे थांबली की इकडून सुताची नवी विणलेली खाट निघायची. तिला चार जण खांदा द्यायचे. आबा, आमचे भाऊ, म्हणजे माझे वडील, लोटनकाका, आणि चौथा असेल तो. चौघं वस्तीतलेच. साहेब बुटासकट खाटेवर बसायचे, नदीच्या मधोमध छत्री उघडायचे, आणि कोरडेठाक इकडे उतरायचे. मग सरपंच नानांकडे शेवभाजी आणि पुऱ्या. जाताना पुन्हा खाट. नाना छाती फुगवून सांगायचे, "आपला गावना पाहुणासना पायले पाणी लागत नही." नानांच्या वडिलांपासूनची रीत होती. नाना माणूस वाईट नव्हते. पाहुण्याचा पाय भिजला तर आपलं नाक कापलं जाईल, असं त्यांना खरंच वाटायचं. आमच्या वस्तीतले म्हातारेही त्याला मान म्हणायचे. बाकीची सगळी गावकामं वस्तीनं दीक्षेनंतर सोडली होती, ही एक खाट तेवढी राहिली. पाण्यातलं काम, पाहुण्याचं काम, असं म्हणत म्हणत राहून गेली.

माझी शाळा चौथीला सुटली. गावात चौथीपर्यंतच होती, पाचवीची पलीकडे. पाचवीत मी गेले, जुलै उजाडेपर्यंत. मग एक दिवस पाण्यात पाय घसरला, दप्तर गेलं, मला लोटनकाकांनी वेणी धरून बाहेर काढलं. आई म्हणाली, पुरे. मीही काही बोलले नाही. खरं सांगायचं तर हायसंच वाटलं. आमच्या घरात भीती वाडवडिलांपासूनची, देव्हारा नसला तरी ती होतीच. पण सुजाता तशी नव्हती. तिचं पाचवीचं वर्ष आलं तेव्हा मी अठराची झाले होते, हमीच्या कामाला जात होते. तिनं आई होती तेव्हाच तिला सांगून टाकलं होतं, "मी ताईसारखी बसणार नाही घरी." मला राग आला नाही. रात्रंदिवस एकच धाकधूक लागली, की हिचीही शाळा जुलैतच संपणार. हिला घरी बसवायची पाळी आली तर आता बसवणारी आई नसेल, मी असेन. कारण आई त्याच उन्हाळ्यात गेली होती.

आबांनी त्या जूनमध्ये सांगितलं, "पोरले मी लई जासू." आणि सुजाताला, तिच्याबरोबरच्या दोघातिघा पोरांना ते रोज सकाळी खांद्यावरून पलीकडे सोडायचे, दुपारी आणायचे. हमीच्या कामाला उशीर व्हायचा, मुकादम खाडा मांडायचा. मी म्हटलं, "आबा, मुकादम काढून टाकेल तुम्हाला." आबा म्हणाले, "मंग?"

हा त्यांचा "मंग?" सगळ्या वस्तीत प्रसिद्ध होता. कोणी धमकी दिली, कोणी भीती घातली, की ते शांतपणे विचारायचे, "मंग?" समोरचा आणखी एक भीती सांगायचा. पुन्हा "मंग?" भीतीला असं चालवत चालवत ते तिच्या टोकापर्यंत न्यायचे, आणि टोकाला बहुधा काहीच नसायचं. मी त्यांच्या ओट्यावर बसून माझ्या भीत्या सांगायची आणि ते बिडी वळत "मंग? मंग?" करायचे. कधी कधी मला हसू यायचं. कधी कधी रडू यायचं, तेव्हाही ते "मंग?" म्हणायचेच, फक्त जरा हळू.

त्याच आषाढात आबा धुळ्याला गेले. पूल का मिळत नाही ते विचारायला. आधीही जायचे ते. कचेरीत गेले की हात जोडून उभे राहायचे नाहीत, समोर खुर्ची मोकळी असली तर बसायचे. कोणी चहा मागवला तर प्यायचे नाहीत. फडक्यात बांधलेली कळण्याची भाकरी बाहेरच्या लिंबाखाली बसून खायचे आणि पुन्हा आत. "त्यासना चहा पिधा का आपलं तोंड गोड व्हस, मंग कडू बोलता येत नही," असं त्यांचं म्हणणं. या खेपेला एक कारकून त्यांना हसून म्हणाला, "अहो बाबा, तुमच्या गावाला कशाला हवा पूल? आमचे सगळे साहेब जाऊन आलेत. भर पावसाळ्यात पाय ओला न होता पलीकडे जाता येतं म्हणतात. ज्या गावांना जाताच येत नाही, त्यांना आधी देऊ की."

आबा परतले तेव्हा मी नदीवर कपडे धूत होते. ते पाण्यातून आले आणि ओल्या धोतरानंच काठावर बसले. मला वाटलं, बरं वाटत नसेल. मग डाव्या खांद्यावरच्या घट्ट्यावर हात फिरवत म्हणाले, "इमल, साहेबसनं खरं शे. आपला गावले पूल शे."

मी म्हटलं, "कुठे?"

"हाऊ देख ना." त्यांनी खांदा थोपटला. "मी पूल. तुना बाप पूल. लोटन पूल. इतला वरीस आम्हीच पूल व्हतू, मंग सरकार दुसरा कसाले बांधी?"

ते ऐकून मी धुणं तसंच सोडलं. त्यांना मात्र हसू येत होतं, आणि ते हसू मला बरं वाटलं नाही. असं हसले की आबा काहीतरी करायचे.

पुढच्या पाहणीची बातमी नानांनीच आणली. या वेळी मोठे साहेब स्वतः येणार होते, दिल्लीच्या निधीतलं त्या वर्षीचं गाव ठरवायला. वस्तीच्या समाजमंदिरात दिवेलागणीला सगळे जमले. आबा उभे राहिले आणि म्हणाले, "आते खाट बंद."

एकच गलका झाला. भाऊ, माझे वडील, तर घाबरून उठूनच उभे राहिले. "अरे, साहेब रागे भरी!"

"मंग?"

"मंग पूल देवाव नही."

"मंग? आते कोठे शे पूल?"

कोपऱ्यातून एक म्हातारे आजोबा म्हणाले, "आबा, तो आपला मान शे रे. बापजादासपासूनना."

आबा त्यांच्यापाशी जाऊन बसले, त्यांचा हात हातात घेतला. "बाबा, मान ऱ्हाता तर नानाना पोरेसनी आपलाकडे ऱ्हाऊ दिन्हा असता का? कधीच लई गया असता."

 आजोबा बोळक्या तोंडानं हसायला लागले, आणि ते हसले तशी बाकीची माणसंही हसली. भाऊ हसले नाहीत. घरी येऊन भाकरीही खाल्ली नाही. मला म्हणाले, "हा आबा आपल्याला गावातून उठवेल." मलाही तेच वाटत होतं. पण सुजाता आतून पाढे म्हणत होती, मोठ्यानं, आणि मी भाऊंचं ताट झाकून ठेवलं.

पाहणीचा दिवस शनिवार होता. सकाळची शाळा. वर पाऊस झाला होता, पाणी मांड्यांच्या वर. पलीकडे जीप येऊन थांबली. आदल्या दिवशी शिंदखेड्याला मुक्कामाला गेलेले नाना तीतूनच उतरले, हातात हार. मागून मोठे साहेब, पांढरा शर्ट, चकचकीत बूट. शाळा सुटून आलेली सुजाता आणि पोरं जीपला हात लावून बघत होती. इकडे आमच्या काठावर खाट ठेवलेली होती. नानांच्या गड्यानं सकाळीच आणून ठेवली होती, सवयीनं. आणि तिच्यावर आबा मांडी घालून बसले होते, बिडी वळत.

नानांनी पलीकडून हाळी दिली, "ए लोटन! खाट आना रे!"

लोटनकाका हाताची घडी घालून उभे. भाऊही त्यांच्या बाजूला उभे, पण अर्धं पाऊल मागे.

"आबा! ऊठ ना भो! साहेब उभा शेतस!"

"मी बठेल शे," आबा इकडून ओरडले.

"ते दिखी ऱ्हायनं! ऊठ!"

"नाना, तो मान शे ना? मंग तुमना पोरेसले सांगा. त्यासले बी भेटू द्या!"

काठावर कपडे धुणाऱ्या बाया फिसकन हसल्या. नाना पलीकडे लालबुंद. साहेबांना काही कळेना. ते नानांना विचारत होते, "काय झालं? बोट वगैरे आहे का?" नाना नुसते हार या हातातून त्या हातात करत होते.

मग आबा उठले. बिडी कानावर खोचली, धोतर वर खोचलं आणि एकटेच पाण्यात शिरले. इतकी वर्षं त्या पाण्यातून गेलेला माणूस, पण मी काठावरून एकेक पाऊल मोजत होते. पलीकडे पोचले. साहेबांना रामराम नाही, जयभीम केला. आणि हात पुढे केला.

"साहेब, हात देसू. खांदा नही."

पलीकडून आवाज स्पष्ट यायचा, पाण्यावरून येतो तसा. साहेब म्हणाले, "म्हणजे मी चालत यायचं? या पाण्यातून?"

"गाव येस. पोरे येतस रोज."

"आणि माझे बूट?"

"दुसरा हात मोकळा शे ना तुमना."

एवढं बोलून आबा खाली वाकले आणि सुजाताला म्हणाले, "चाल वं." ती टुणकन त्यांच्या खांद्यावर चढली, दप्तर डोक्यावर धरून.

साहेबांचा आवाज चढला. "आत्ता तर म्हणालात खांदा नाही?"

"तुमले नही. हिले शे."

आजही डोळे मिटले की मला ते दिसतं. नदीच्या मधोमध आबा, खांद्यावर माझी बहीण, एका हाताला धरलेले धुळ्याचे मोठे साहेब, विजार गुडघ्यावर दुमडलेली, दुसऱ्या हातात बूट उंच धरलेले. मागे ओरडणारे नाना. वरून सुजाता मास्तरीण असल्यासारखी सूचना करत होती, "साहेब, डावीकडे नका! तिथं खड्डा आहे!" साहेबांनी ऐकलं नाही. मोठ्या माणसांना लहानांचं ऐकायची सवय नसते. डावा पाय गेला, छातीपर्यंत आत गेले, एक बूट सुटला आणि निघाला वाहत. साहेब "अरे अरे अरे" करत बुटाकडे झेपावले. आबांनी त्यांना सोडलं नाही. मुठीत असं धरलं होतं की नदीनं ओढूनही हात सुटला नसता. वर सुजाता त्यांचे केस धरून होती. तिघं तसेच काठाला लागले. बूट एकच होता.

आमचं घर काठाला सगळ्यांत जवळ. बाकीच्या पोरांना लोटनकाकांनी आणलं, पण नाना अजून पलीकडेच अडकलेले, त्यांना आणायला कोणी जाईना. म्हणून साहेब आमच्या ओट्यावर टेकले, ओलेचिंब, दात वाजत. मी चहा केला. कप घेऊन मी उंबऱ्यातच थांबले. आबा दाराशी उभे होते. त्यांनी माझ्याकडे बघून ओठांनीच म्हटलं, "मंग?" मी चहा ठेवला. साहेबांनी तो प्यायला.

साहेब आबांना म्हणाले, "हे तुम्ही मुद्दाम केलंत."

"पाणी मी आनं नही साहेब," आबा म्हणाले. "पण खांदा काढा तो मुद्दाम. खोटं कसाले बोलू?"

"अशानं निधी मिळत नसतो."

"तशानं बी नही भेटना."

 मग साहेबांना काय वाटलं कोणास ठाऊक, माझ्याकडे वळून विचारलं, "तू किती शिकलीस?" मी सुजाताकडे बघितलं. सुजातानं केस पुसता पुसता उत्तर दिलं, "ताई चौथी पास आहे. तिची शाळा पलीकडे होती." एवढंच. साहेबांनी नदीकडे बघितलं. पाणी तोवर आणखी चढलं होतं. त्यांना दिवस कलेपर्यंत थांबावं लागलं. नाना कमरेएवढ्या पाण्यातून, हार डोक्याला गुंडाळून, कसेबसे आले होते, पण शेवभाजी काही कोणाला गोड लागली नाही. पाणी उतरलं तेव्हा साहेब पुन्हा आबांचा हात धरून पलीकडे गेले. एका पायात बूट, एक पाय अनवाणी. 

पुढचे दिवस फार वाईट गेले. नानांनी वस्तीकडे बघणं सोडलं. आबांना शेतीच्या कामाला कोणी बोलवेना. गावात म्हणायचे, पूल तोंडाशी आला होता, आडव्यानं घालवला. भाऊ तर आबांच्या ओट्यावरून जाताना मान खाली घालायचे. मला रोज वाटायचं, आज पोलीस येणार. आबांनी तापीच्या पलीकडे केळीच्या बागेत काम धरलं, पण रोज पहाटे सुजाताला आणि पोरांना पलीकडे सोडूनच जायचे. दुपारी आणायला लोटनकाका. एक दिवस लोटनकाकांना ताप होता, आणि मी बघते तर नदीत भाऊ. माझे वडील. कोणी न सांगता पोरं खांद्यावर घेऊन येत होते. घरी आल्यावर त्यांनी आबांच्या ओट्यावर जाऊन बिडी मागितली. दोघांनी एकाच काडीवर पेटवली.

त्या वर्षी निधी आला नाही. मी म्हटलं, "आबा, संपलं." आबा म्हणाले, "मंग? खाट तर बंद झायी." आणि मला तेव्हा कळलं की त्यांच्या लेखी अर्धं काम झालं होतं. पुढच्या पाहणीला दुसरे साहेब आले, तेही हात धरून चालत आले. त्यानंतरच्या उन्हाळ्यात एक दिवस लाल-पांढरे बांबू घेऊन माणसं नदीत उतरली. आम्ही सगळ्या बाया काठावर जाऊन बसलो, लग्नघरी बसतात तशा. मोठा नाही, साधाच पूल, पण पाण्याच्या वर. दिल्लीचा पैसा, धुळ्याचा कंत्राटदार आणि कामावर आमचीच माणसं. बुटाच्या साहेबांनीच आमच्या गावाचं नाव लावून धरलं, असं काही जण म्हणायचे. आबांना विचारलं तर म्हणाले, "साहेब चांगला व्हता का वाईट, माले काय माहीत? त्याना पाय ओला झाया, इतलंच माले माहीत."

उद्घाटनाला मांडव पडला. आबांना व्यासपीठावर बोलावलं नव्हतं, ते आपले मागे कठड्याला टेकून उभे. एक पुढारी भाषणात म्हणाले, "दिल्लीनं तुमच्या गावाला ही भेट दिली आहे." तेवढ्यात मागून आवाज आला, "दिन्हा नही साहेब! आमनाच व्हता. देवाले उशीर झाया."

मांडवातल्या सगळ्या माना मागे वळल्या.  मग टाळी वाजली, आणि ती पहिली टाळी नानांची होती. भाषणं संपल्यावर फोटोवाला आला तेव्हा नानांनी आबांना ओढून जवळ उभं केलं आणि त्यांच्या खांद्यावर हात टाकला. आबांनी तो उतरवला आणि हातात घेतला. फोटोत दोघं म्हातारे हातात हात धरून उभे आहेत, शाळेतल्या पोरांसारखे. तो फोटो अजून ग्रामपंचायतीत आहे म्हणतात.

माझं लग्न झालं आणि मी त्याच पुलावरून गेले. नवरा धुळ्याच्या गिरणीत, गिरणी बंद पडली तसे आम्ही इकडे लुधियान्याला आलो, एका सूतगिरणीत. मी पिंपरीहून निघाले तेव्हा आबा पुलाच्या टोकापर्यंत जीपबरोबर चालत आले, खिडकीतून माझा हात धरून. मी रडत होते. नवं गाव, परकी भाषा, काय काय होईल ते सगळं सांगत होते. ते "मंग? मंग?" करत चालत होते. पूल संपला तसा हात सुटला. इथे आल्यापासून माझं बरंच आयुष्य त्या एका शब्दावर निभावलं आहे. पोराला ताप चढला, मालकानं कामगार कमी केले, नवऱ्याला यायला उशीर झाला, की मी स्वयंपाकघरात उभी राहून स्वतःलाच विचारते, मंग?

आता सुजाता कळवते की आबांना दिसत नाही. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. धुळ्याला नेलं तर दिसू लागेल असं डॉक्टर म्हणतात, पण ते जात नाहीत. वस्तीतल्या पोरांनी खुर्चीत बसवून उचलून जीपमध्ये ठेवायचं म्हटलं तर भडकले. "इतला जनम दुसरासले उचलं, आते माले उचलतस?" गुडघे गेले आहेत, हात धरून चालायचं तर फार हळू चालावं लागतं, आणि तेवढा वेळ कोणाला नाही. सुजाता दूर, तिला रजा नाही. पोरं म्हणतात, म्हातारा आडवा तो आडवाच.

आडवाच राहू दे. मला वेळ आहे. लुधियान्याहून मी एकटी आजवर कुठे गेलेली नाही.  गाडी चुकेल. मंग? दुसरी येईल. भुसावळला मध्यरात्री पोचेन. मंग? उजाडेपर्यंत बाकावर बसेन. नवरा म्हणतो, मी येतो सोबत. मी नको म्हटलं आहे. हे काम माझं आहे.

आबा, हे सुजाता तुम्हाला फोनवर वाचून दाखवेल. मी येते आहे. उचलणार कोणी नाही, एवढं कबूल. माझा हात धरा, आणि आपण दोघं आपल्या पुलावरून धुळ्याच्या गाडीपर्यंत चालत जाऊ, तुमच्या गुडघ्यांना लागेल तेवढा वेळ लावून. मागे गाड्या खोळंबल्या तर खोळंबू दे. कोणी भोंगा वाजवला, तर काय विचारायचं ते मला तुम्हीच शिकवलं आहे.